वॉशिंग्टन : एका ग्रामवाचक आडनावाचा इतिहास

गतवर्षी आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचक समितीपुढे एक प्रकरण आले होते. मुलगा व मुलगी दोघेही सुशिक्षित, दोन्ही घराणी सालस, पत्रिकाही जुळत होती. परंतु दोन्ही घरांचे आडनाव एकच. आडनाव एक म्हणजे कूळ एक, आणि कूळ एक म्हणजे मुले परस्परांची भावंडे, असा हिशेब करून मुलीच्या चुलत्यांनी ते स्थळ परस्पर नाकारले. पुढे समितीतील एका वृद्ध सभासदांनी चिकाटीने चौकशी केली, तेव्हा असे आढळून आले की, दोन्ही घराण्यांची गोत्रे निराळी, कुलदैवते निराळी आणि सोयरसंबंधही निराळे. साम्य एवढेच की, दोन्हीही घराणी कोणे एके काळी एकाच गावातून बाहेर पडली आणि परठिकाणी त्या गावाच्या नावास 'कर' हा प्रत्यय लावून ओळखली जाऊ लागली. हे निष्पन्न होईतो मुलीचा विवाह अन्यत्र निश्चित होऊन गेला होता.

या प्रसंगाने आम्हांस आडनावांच्या इतिहासाकडे वळविले. घरचे उदाहरण घेऊन लिहावे, तर कोणाचे ना कोणाचे मन दुखावते. यास्तव आम्ही बुद्ध्याच सातासमुद्रापलीकडचे एक आडनाव निवडले आहे. ते आडनाव वॉशिंग्टन हे होय. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यामुळे ते जगाच्या कानाकोपऱ्यांत पोचले, आणि त्या देशाची राजधानी व एक संबंध राज्य त्याच नावाने ओळखले जाते. परंतु हे मुळात इंग्लंडातील एका खेड्याचे नाव असून, आडनाव या नात्याने ते आपल्याकडील 'कर'-प्रत्ययी आडनावांचेच दूरचे भावंड आहे, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी आलेली असेल.

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, वेअर नदीच्या उत्तरेस, जुन्या डरहॅम परगण्यात वॉशिंग्टन नावाचे हे गाव वसलेले आहे. १९७४ साली तेथील परगण्यांची फेररचना झाली तेव्हा ते टाइन अँड वेअर या परगण्यात गेले आणि आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत मोडते. मध्यंतरी तेथे कोळशाच्या खाणी चालल्या व बंद पडल्या. १९६४ मध्ये सरकारने ते 'नवे शहर' म्हणून वाढविण्याचे ठरविले. १९८६ मध्ये जवळच निस्सान मोटारींचा मोठा कारखाना निघाला. एकंदरीत एखाद्या महाराष्ट्रीय औद्योगिक उपनगराहून त्याचे आजचे रूप फारसे निराळे नाही. मात्र जुन्या गावठाणात चर्च व त्याशेजारचा दगडी वाडा अद्याप उभे आहेत, आणि आमचे कथानक तेथूनच सुरू होते.

गावाच्या नावाचा धुण्याशी, म्हणजे इंग्रजी 'वॉशिंग' या शब्दाशी, काहीएक संबंध नाही. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, इंग्रजी शिकणारी आपली मुले हटकून तसा अर्थ लावतात. जुन्या इंग्रजीप्रमाणे या नावाचे तीन अवयव आहेत. पहिला अवयव एका पुरुषाचे नाव: ह्वेसा किंवा वासा. दुसरा 'इंग', म्हणजे त्या पुरुषाशी संबंध असलेले. तिसरा 'तून', ज्याचे पुढे 'टन' झाले. त्याचा अर्थ कुंपण घातलेली शेतवाडी अथवा वस्ती. तात्पर्य, वॉशिंग्टन म्हणजे 'वासाची वाडी'. आपल्या कोकणात व देशावर कोणा मूळपुरुषाच्या नावाने चालत आलेल्या वाड्या पाहिलेल्यांस याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचे एक गाव असून, तेही अशाच नावाच्या कोणा पुरुषाच्या परिवारावरून पडलेले आहे. दोन्ही गावांचा परस्परांशी संबंध नाही. नाव एक म्हणून गाव एक, असे म्हणण्याची सोय गावांच्या बाबतीतदेखील नाही. मग आडनावांची कथा काय?

येथे इंग्रजी आडनावांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी त्या देशात पिढीजात आडनाव लावण्याची रीत नव्हती. नॉर्मन सरदारांनी ती आणली, आणि त्यांनी आपल्या जहागिरीच्या गावापूर्वी फ्रेंच 'डी' हे अव्यय लावून स्वतःस ओळखविण्यास आरंभ केला. पुढे ही चाल कारागीर व शेतकरी यांच्यात उतरली आणि इ. स. १४०० च्या सुमारास इंग्लंडातील बहुतेक कुटुंबांची आडनावे स्थिर झाली. कोणी बापाचे नाव लावले, कोणी धंद्याचे, कोणास लोकांनी ठेवलेले टोपणनावच चिकटले. आणि फार मोठ्या वर्गाने गावाचे नाव घेतले.

गावाचे नाव दोन रीतींनी मिळते. जो गावाचा धनी असतो तो गावात राहूनच गावाचे नाव लावतो. सामान्य मनुष्यास मात्र ते गाव सोडल्यावाचून मिळत नाही. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकास पुणेकर म्हणण्यात काय हशील? पुण्याचा मनुष्य नागपुरास किंवा बडोद्यास जाऊन राहिला, म्हणजे शेजारीपाजारी त्यास पुणेकर म्हणू लागतात. म्हणूनच ग्रामवाचक आडनाव हे बहुधा गाव सुटल्याची खूण असते. क्वचित ती आवडीने घेतलेली खूणही असते. थोर गायक व नट दीनानाथ यांनी गोव्यातील मंगेशी या आपल्या गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वॉशिंग्टन या आडनावाच्या इतिहासात या सर्व रीती एकामागून एक दृष्टीस पडतात, आणि हेच ते निवडण्याचे आमचे कारण.

इ. स. ११८३ मध्ये डरहॅमचे बिशप ह्यू डी प्विझे यांनी आपल्या ताब्यातील मुलखाची महसुली पाहणी करविली. तिची नोंदवही 'बोल्डन बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. विल्यम विजेत्याने १०८६ मध्ये केलेल्या विख्यात मोजणीत डरहॅमचा अंतर्भाव नव्हता. त्यामुळे त्या प्रांतापुरती हीच वही मूलाधार होय. तीत असे नमूद आहे की, विल्यम डी हर्टबर्न नावाच्या गृहस्थाने आपले हर्टबर्न हे गाव सोडून देऊन त्याच्या बदल्यात बिशपकडून वेसिंग्टन हे गाव घेतले. चर्च व चर्चची जमीन यांतून वगळलेली होती. गावाबद्दल त्याने वर्षास ४ पौंड भरावयाचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीच्या वेळी ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर राहावयाचे, असा करार होता. आपल्याकडील जुन्या दप्तरांतून इनामाच्या व चाकरीच्या ज्या अटी वाचावयास मिळतात, त्यांचीच आठवण येथे होते.

गाव बदलले आणि त्यासरशी आडनावही बदलले. विल्यम हर्टबर्नचा होता तोवर हर्टबर्न. वेसिंग्टनचा झाला तेव्हा त्याचे वंशज डी वेसिंग्टन झाले. त्या काळी आडनाव ही रक्ताची नव्हे, तर जमिनीची निशाणी होती, हे यावरून स्पष्ट होते. हा गृहस्थ आपल्या पहिल्या गावावर समाधानी राहिला असता, तर आज अमेरिकेची राजधानी हर्टबर्न या नावाने ओळखली गेली असती, असे म्हटल्यास ती निव्वळ थट्टा ठरू नये.

वेसिंग्टनचे वॉशिंग्टन होण्यास काही शतके लागली. लेखनिकाच्या कानास जसे लागेल तसे लिहिले जाई. या घराण्याच्या ढालीवर पांढऱ्या पृष्ठावर दोन तांबडे आडवे पट्टे व त्यांच्या वर तीन तांबड्या तारका असे कुलचिन्ह असे. सेल्बी येथील मठाच्या चर्चमधील खिडकीच्या रंगीत काचेत ते आजही पाहावयास मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरील तारका व पट्टे येथूनच आले, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिला पुरावा नाही. राजधानी वॉशिंग्टन शहराचा ध्वज मात्र १९३८ मध्ये या कुलचिन्हावरूनच मुक्रर करण्यात आला. याच नावाचा जॉन वेसिंग्टन हा विद्वान धर्मगुरू १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षे डरहॅमच्या मठाचा अधिपती होता.

मूळ गावी मात्र या घराण्याचा पुरुषवंश १४०० च्या सुमारास खुंटला. इस्टेट मुलीच्या वाटे दुसऱ्या कुळात गेली आणि अखेरीस १६१३ मध्ये ती डरहॅमच्या बिशपला विकण्यात आली. म्हणजे वॉशिंग्टन गावी वॉशिंग्टन धनी उरले नाहीत. नाव जगले ते बाहेर पडलेल्या शाखांमुळे. यांपैकी एक शाखा लँकेशायरमधील वॉर्टन येथे स्थायिक झाली होती. तिच्यातील लॉरेन्स वॉशिंग्टन हा दक्षिणेस नॉर्दॅम्प्टन येथे येऊन लोकरीच्या व्यापारात पडला, त्यात त्याने चांगली माया जमविली आणि १५३२ व १५४५ अशा दोन वेळी त्या शहराचे मेयरपद भूषविले. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विक्रीस काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये याने सल्ग्रेव्ह येथील जमीन सुमारे ३२४ पौंडांस घेतली आणि तेथे घर बांधले. त्या घराच्या दारावर तेच तांबडे पट्टे व त्याच तारका कोरलेल्या आहेत. उत्तरेतील जहागीरदाराचे नाव आता एका व्यापाऱ्याच्या दारावर आले. पण चिन्ह त्याने सोडले नाही. नवा पैसा आलेल्या मनुष्यास जुन्या चिन्हाचे महत्त्व अधिकच वाटते, हा अनुभव केवळ इंग्लंडातलाच नव्हे.

सल्ग्रेव्हचे वैभव फार काळ टिकले नाही. या मेयरचा पणतू लॉरेन्स हा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयाचा फेलो होता व पुढे एसेक्समधील पर्ली या गावचा पाद्री झाला. त्याच सुमारास राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. राजपक्षाच्या पाद्र्यांना पदच्युत करण्याचा सपाटा पार्लमेंटपक्षाने लावला, त्यात १६४३ मध्ये या लॉरेन्सचेही पद गेले. तो दारूच्या गुत्त्यांतून वावरतो, असा आरोप त्याजवर ठेवण्यात आला होता. आरोप खरा की राजकीय, याविषयी पंडितांत एकमत नाही. परंतु कुटुंबाची वाताहत झाली ही गोष्ट खरी. दहा वर्षांनी तो दारिद्र्यात वारला आणि मॉल्डन येथे त्यास पुरण्यात आले.

त्याचा पुत्र जॉन याने तंबाखूच्या व्यापारात नशीब काढावे म्हणून 'सी हॉर्स ऑफ लंडन' या गलबतावर नोकरी धरली व १६५६-५७ च्या सुमारास तो व्हर्जिनियास पोचला. परतीच्या वेळी ते गलबत पोटोमॅक नदीत रुतले. दुरुस्ती होईतो जॉनने किनाऱ्यावर ओळखी केल्या आणि तो तेथेच राहिला. नॅथॅनिएल पोप नावाच्या जमीनदाराच्या ॲन या कन्येशी त्याचा विवाह झाला. सासऱ्याने लग्नाप्रीत्यर्थ ७०० एकर जमीन दिली. हा जॉन म्हणजे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पणजोबा. गलबत रुतले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

जॉर्ज यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा. त्यांच्या पुढील चरित्रात आम्ही शिरत नाही. ते शालेय पुस्तकांतून सर्वांनी वाचलेले आहे. आम्हांस येथे महत्त्वाची वाटते ती त्यांची कुलवृत्तांताविषयीची वृत्ती. १७९१ मध्ये इंग्लंडचे मुख्य कुलचिन्हाधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी त्यांस पत्र लिहून घराण्याची माहिती मागविली. वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये जे उत्तर पाठविले, त्यात या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे अशी कबुली दिली. तथापि जवळची माहिती त्यांनी सरळपणे कळविली. मनुष्य मोठा झाला म्हणजे वंशावळ शोधण्यास इतर लोकच धावतात, ही गोष्ट आपल्याकडेही पाहावयास मिळते.

हर्डसाहेबांच्या शोधाची पुढील हकीकत मोठी उद्बोधक आहे. त्यांस सल्ग्रेव्हच्या घराण्यात जॉन व लॉरेन्स असे दोन बंधू सापडले. व्हर्जिनियात गेलेल्या बंधूंची नावेही जॉन व लॉरेन्स हीच होती. नावे जुळली, आडनाव जुळले, काळ साधारण जुळला. झाली वंशावळ तयार. ती पाऊणशे वर्षे सर्वमान्य होती. १८६६ मध्ये कर्नल चेस्टर यांनी दाखवून दिले की, सल्ग्रेव्हचा हा जॉन पुढे 'सर' झाला व इंग्लंडातच राहिला, आणि लॉरेन्स हा पाद्री झाला. अर्थात हे दोघे अमेरिकेस गेलेच नव्हते. पुढे १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी मृत्युपत्रे व दप्तरे चाळून सिद्ध केले की, तो पाद्री लॉरेन्स हाच स्थलांतर करणाऱ्या बंधूंचा पिता. म्हणजे ज्यास स्थलांतरित समजत होते तो स्थलांतरितांचा बाप निघाला. एका पिढीची चूक, पण ती दुरुस्त होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. याच अवधीत, १८७९ मध्ये, आल्बर्ट वेल्स नामक अमेरिकन वंशावळकाराने एक भलाजाड ग्रंथ प्रसिद्ध करून वॉशिंग्टन घराण्याचा उगम थेट ओडिन या देवापर्यंत नेऊन भिडविला! इक्ष्वाकू अथवा यदू यांच्यापासून आरंभ होणाऱ्या आपल्याकडील कित्येक कुलवृत्तांतांवर हसणाऱ्या सुशिक्षितांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

येथवर हकीकत एका गोऱ्या घराण्याची झाली. परंतु आज 'वॉशिंग्टन' हे आडनाव लावणारे लोक कोण आहेत, असे विचाराल तर उत्तर निराळेच आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या खानेसुमारीत हे आडनाव सुमारे १ लाख ६३ हजार लोकांनी लावलेले आढळले, आणि त्यांपैकी शेकडा ९० लोक कृष्णवर्णी होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांस स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांच्या भावांचे वंशज आहेत. पण आडनावाचा खरा विस्तार झाला तो ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यांच्यात.

वॉशिंग्टन हे गुलामांचे धनी होते, ही गोष्ट त्यांच्या थोरवीपुढे झाकून ठेवण्याचे कारण नाही. वडील १७४३ मध्ये वारले तेव्हा अकराव्या वर्षीच त्यांच्या वाट्यास १० गुलाम आले. १७९९ मध्ये माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, आणि उरलेल्यांतील बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या यजमानांच्या इस्टेटीचे. आपल्या मालकीच्या गुलामांस पत्नीच्या पश्चात मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. मार्थाबाईंनी त्यांस १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले. बाकीच्यांस मुक्त करण्याचा कायदेशीर अधिकार दोघांसही नव्हता.

या माणसांपैकी एकाची कथा आम्हांस विसरता येत नाही. हॅरी हा गांबिया नदीच्या परिसरात सुमारे १७४० मध्ये जन्मला. १७६३ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यास विकत घेतले, आणि दलदल उपसण्याच्या कामावर व पुढे माउंट व्हर्ननच्या तबेल्यात ठेवले. १७७१ मध्ये तो पळाला व पकडला गेला. १७७६ मध्ये, धनी ब्रिटिशांशी स्वातंत्र्याचे युद्ध करीत असता, हा पुन्हा पळाला तो ब्रिटिशांच्याच छावणीत. कारण बंडखोर धन्यांस सोडून येणाऱ्या गुलामांस मुक्तीचे अभिवचन ब्रिटिशांनी दिले होते. १७८३ मध्ये पराभूत ब्रिटिशांबरोबर न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांची जी यादी झाली, तीत त्याचे नाव हॅरी वॉशिंग्टन असे आहे. नोव्हा स्कॉशियातील थंडीत काही वर्षे काढून १७९२ मध्ये तो सुमारे १,२०० सोबत्यांसह आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेला. तेथे जमीन मिळाली, पण कंपनीने तिच्यावर खंड बसविला. १८०० मध्ये वसाहतवाल्यांनी त्याविरुद्ध बंड केले, त्यात हॅरी पकडला जाऊन हद्दपार झाला. अन्यायाच्या करावरून राजसत्तेविरुद्ध शस्त्र घेणारे वॉशिंग्टन असे दोन झाले. एकाचे नाव राजधानीस मिळाले. दुसऱ्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांवाचून कोणास ठाऊक नाही.

परंतु लाखो कृष्णवर्णी वॉशिंग्टन हे सर्व माउंट व्हर्ननचे वंशज आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. संख्येचा मेळच त्यायोगे बसत नाही. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, आणि १८७० च्या खानेसुमारीत या सर्व लोकांची नावे प्रथमच नोंदली गेली. धन्याच्या लेखी गुलामास आडनाव नसे. फार तर अमक्याचा जॉन, तमक्याची मेरी. मुक्त होताच प्रत्येकास आडनावाची गरज पडली. कोणी जुन्या धन्याचे नाव ठेवले. पण पुष्कळांनी बुद्ध्याच दुसरे नाव निवडले. राष्ट्राच्या जनकाचे नाव घेणे म्हणजे हे राष्ट्र आमचेही आहे, असे जाहीर करणे होते. काहींनी ते गुलामगिरीच्या काळीच आपापसांत धारण केलेले असावे, असेही अभ्यासक मानतात.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्वतःची हकीकत दिली आहे. १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या या मुलास 'बुकर' एवढेच नाव होते. मुक्तीनंतर तो प्रथम शाळेत गेला, तेव्हा हजेरी घेताना इतर मुलांस दोन-दोन, क्वचित तीन नावे आहेत, हे ऐकून तो घाबरला. आपल्यावर पाळी येईतो त्याने मनाशी ठरविले आणि गुरुजींनी विचारताच शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपल्यास 'टालिआफेरो' हेही नाव ठेवले होते, हे त्यास मागाहून कळले. हाच बालक पुढे १८८१ मध्ये टस्कीगी येथील विद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ मध्ये निघालेल्या पुस्तकामुळे महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेले शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांस १८९६ मध्ये टस्कीगीस बोलावून घेणारे हेच गृहस्थ. म्हणजे या एका संस्थेत वासाच्या वाडीचे नाव दोघांच्या नावांत होते, आणि त्या वाडीशी दोघांचाही रक्ताचा संबंध नव्हता.

शाळेच्या हजेरीपटावर घडलेले असे नाव आपल्या प्रांतातही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे गाव. त्यावरून शाळेत आंबडवेकर असे नाव लागले, आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले; ते आपल्यावर लोभ असलेल्या एका शिक्षकांच्या आडनावावरून झाले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला होता, हेही येथे स्मरते. दोन्ही देशांतील या गोष्टी दूरच्या दिसल्या तरी, आडनाव कोणी कोणास द्यावे आणि कोणी कोणते घ्यावे, हा प्रश्न दोन्हीकडे केवळ नावापुरता नव्हता.

१९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णी मेयर निवडून आले. नॉर्दॅम्प्टनच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानंतर साडेचारशे वर्षांनी वॉशिंग्टन आडनावाच्या मनुष्याने मेयरपद भूषविले. दोघांस एका कुळाचे म्हणावे काय? रक्ताने विचाराल तर तसे म्हणण्यास काहीही आधार नाही. नावाने विचाराल तर ज्या रीतीने हर्टबर्नच्या विल्यमने गावाबरोबर नाव घेतले, त्याहून बुकरने घेतलेल्या नावाचा अधिकार कमी, असे आम्हांस तरी वाटत नाही. विल्यमने दिले वर्षास चार पौंड आणि चार कुत्रे. बुकरच्या पूर्वजांनी काय दिले, ते सांगावयास नको.

मूळ वॉशिंग्टन गावच्या त्या दगडी वाड्याची कथा सांगणे राहिले. एकोणिसाव्या शतकात त्यात मजुरांची अनेक कुटुंबे दाटीवाटीने भाड्याने राहत असत. पुढे तो मोडकळीस येऊन राहण्यास अयोग्य ठरला. पाडून टाकण्याचा बेत झाला. १९३६ च्या सुमारास गावातील एका शिक्षकाच्या खटपटीने तो वाचला, दुरुस्तीनंतर १९५५ मध्ये खुला झाला आणि १९५७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेथे येऊन एक झाड लावले. दरवर्षी ४ जुलै रोजी या इंग्रजी गावात अमेरिकेचा ध्वज चढविला जातो. वाडा पाहावयास येणाऱ्यांत वॉशिंग्टन आडनावाचे लोक आले, तर त्यांपैकी कोणाचे पूर्वज या वाड्यात राहिले होते व कोणाचे नव्हते, हे चेहऱ्यावरून ओळखू पाहणारा मनुष्य हमखास फसेल.

आमच्या वधूवर-सूचक समितीने यंदापासून आपल्या माहितीपत्रकात आडनावाच्या रकान्याखाली आणखी तीन रकाने छापले आहेत: आडनाव कोणत्या गावावरून पडले, ते गाव किती पिढ्यांपूर्वी सोडले, आणि त्यापूर्वीचे काही आडनाव असल्यास ते कोणते. सभासद कुटुंबांनी हे रकाने घरातील वडीलधाऱ्यांस विचारून, जुनी खरेदीपत्रे व शाळेचे दाखले पाहून भरावेत. जेथे माहिती नसेल तेथे रकाना कोरा ठेवावा; तर्काने भरू नये.